नातेभयांक : केतकी भुवड

धामणघर औद्योगिक वसाहतीच्या भोंगाघरात नियंत्रक म्हणून माझी निवड झाली आहे. नियुक्तीपत्र आलंय, त्यावर शिक्का आहे, आणि शिक्का चक्क सरळ बसलाय.

आता हे विसरा. माझी निवड वगैरे काही झालेली नाही. मी कुठल्याही चाचणीला बसलो नव्हतो, आणि माझ्या उजव्या कानामागचा पांढरा चौकोन म्हणजे शिबं आहे. चौकोनी शिबं असतात. शोधली की सापडतात.

तर पहिल्यापासून सांगतो.

धामणघरात क्लोरिनच्या तीन टाक्या आहेत, अमोनियाच्या दोन, आणि बाकीच्यांची नावं घ्यायला रसायनशास्त्राची पदवी आणि मोकळं नाक लागतं. भोवती चाळीस हजार माणसं राहतात. पूर्वी गळती हुंगायचं काम एका यंत्राकडे होतं आणि भोंगाही तेच वाजवायचं. यंत्राचं नाक तिखट होतं. त्याने एका वर्षात अकरा वेळा भोंगा वाजवला. एकदा शिमग्याच्या होळीला, एकदा कोळीवाड्यात बोंबील वाळत घातले म्हणून, आणि एकदा शेट्यांच्या लग्नात आचाऱ्याने मिरचीची फोडणी जाळली म्हणून. त्या वेळी नवरदेव मुंडावळ्यांसकट खाडीपर्यंत पळाला होता. परत यायला त्याने जरा जास्तच वेळ लावला, असं मुलीकडचे अजून म्हणतात.

तेव्हापासून गावात रीतच पडली. भोंगा झाला, नुसता दिवा जरी लुकलुकला, तरी धामणघरकर पळत नाही. तो आधी भोंगाघरात फोन लावतो आणि विचारतो, "खरं आहे का?"

मग कायदा आला. यंत्राने फक्त शक्यता सांगायची. तीस टक्क्यांच्या खाली काही करायचं नाही, साठच्या वर भोंगा आपोआप. मधल्या पट्ट्यात शाळा-दवाखान्यांत पिवळा दिवा लागतो, आणि भोंगाघरात बसलेल्या माणसाने नव्वद सेकंदांत ठरवायचं. वाजवला आणि खोटा निघाला तर अरुंद पुलावर चेंगराचेंगरी. नाही वाजवला आणि खरा निघाला तर काय, त्याला नियमावलीत "अन्य परिणाम" असा शब्द आहे.

ती खुर्ची आठ महिने रिकामी होती. तात्पुरता म्हणून आवक-जावक कारकून बसायचा. पिवळा दिवा लागला की पहिली चाळीस सेकंदं तो चष्मा शोधायचा.

माझं नाव अथांग भुवड. मी चार वर्षं वसाहतीत कंत्राटी सुरक्षा मदतनीस होतो, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांना हेल्मेट उलटं घातलंय हे सांगायचो. माझी बायको केतकी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळा आणि क्लोरिनची टाकी क्रमांक तीन यांच्यामध्ये एक भिंत आणि चारशे मीटर आहेत. मी पावलांनी मोजलंय. आपल्या बायकोचा श्वास एका चष्म्यावर अवलंबून आहे, हे डोक्यात आलं की मला जेवण जायचं नाही. म्हणून मी अर्ज केला.

*

"भीती तापासारखी मोजता येते," डॉ. झरीन मुजावर म्हणाल्या. त्या वसाहतीच्या सुरक्षा मंडळाच्या मानसतज्ज्ञ. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायच्या, तिथे काहीतरी छापलेलं असावं तशा.

"आधीही मोजायचेच की," मी म्हणालो. "माझे मामा पोलीसभरतीला गेले होते तेव्हा शाईचे डाग दाखवले होते. मामांना सगळ्यात मामीच दिसली."

"झाले भरती?"

"नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग माझ्या कानामागे पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी चिकटवली आणि समजावलं. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. धोक्याची पहिली खबर त्याला लागते, आपल्याला नंतर. तो खडबडला की ठोक्यांमधलं अंतर बदलतं, त्वचेला घाम सुटतो, आणि कवटीतल्या विजेत एक बारीकशी लाट उठते. या तिन्ही गोष्टी एकत्र ऐकून पट्टी एक आकडा देते. त्याचं नाव भयांक. आकडा चाळिसाच्या खाली असला तर माणूस जळत्या घरात चहा टाकतो. साठच्या वर गेला की काय करायचं ते त्याला कळतं, पण हात ऐकत नाही. मधला माणूस कामाचा.

"तुमचा बेचाळीस आहे. चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण खरी चाचणी नात्यांची. तीन आठवडे पट्टी घालून घरी राहा. कोणाच्या काळजीने आकडा किती चढतो त्याची यादी आपोआप तयार होईल. ज्या नातेवाइकाचा आकडा साठच्या वर, त्याने टाक्यांपासून वीस किलोमीटरच्या आत राहायचं नाही. तो राहिला तर तुम्ही खुर्चीत बसायचं नाही."

"आणि ही यादी कोण बघणार?"

"मंडळ. आणि माहितीच्या अधिकाराखाली, यादीतले सगळे."

*

पहिली यादी आठव्या दिवशी आली. केतकी विळीवर खोबरं खवत होती. तिने एका हाताने खवणं चालू ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मोबाइल वाचला. तेव्हाच माझा सर्वसाधारण भयांक सत्तेचाळीस झाला असणार.

"बाबा, एक्याऐंशी. बरोबर आहे. मोटारसायकल, चौसष्ट." खवणं थांबलं. "मोती कोण?"

"नाईकांचा कुत्रा."

"जो तुला चावला?"

"तोच."

"त्याला बावीस." मग अगदी हळू म्हणाली, "मी बारा."

ओट्यावर मीठ सांडलेलं होतं. मी ते गोळा करायला लागलो.

"सूनबाई," बाहेरून बाबांचा आवाज आला. बाबा म्हणजे दत्ताराम भुवड, तीस वर्षं बॉयलरवर काढलेली, त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. "मनावर घेऊ नको. यंत्र आहे, चुकतं. बोंबलाला वायू म्हणालं होतं ते."

"मग तुमचे एक्याऐंशीपण चुकले का, बाबा?"

"ते बरोबर आहेत," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. मुजावरांना गाठलं. त्या म्हणाल्या, कमी आकड्याचे अर्थ दोन. एक, त्या माणसाची पर्वा नाही. दुसरा, त्या माणसावर पूर्ण भरवसा आहे, काही झालं तरी तो निभावून नेईल. यंत्राला यातला फरक कळत नाही.

"मंडळाला?"

"मंडळाला कळायची गरज नाही. दोन्ही बाबतीत तुम्ही खुर्चीत बसून राहता."

मी संध्याकाळी केतकीला सांगितलं, की ती आमच्यातली सगळ्यात चपळ आहे. दर महिन्याला मुलांची कवायत घेते, तिचा वर्ग सव्वा मिनिटात पुलापार होतो. म्हणून माझ्या बदामाला तिची काळजी वाटत नाही. भरवसा आहे.

"अच्छा, भरवसा," केतकी म्हणाली. "चार महिने गॅसची नळी बदल म्हणतेय, तोपण भरवसाच ना?"

*

त्यानंतर केतकीने मोहीम उघडली. पहिल्या दिवशी ती ओल्या हाताने, डुगडुगत्या स्टुलावर उभी राहून दिवा बदलत होती. दिवा चांगला चालू होता.

"किती?" तिने वरूनच विचारलं.

मी मोबाइल बघितला. "सतरा."

"हं."

दुसऱ्या दिवशी तिने हेल्मेट घरी ठेवून स्कूटर काढली. चोवीस. तिसऱ्या दिवशी नाईकांच्या मोतीला हाताने भाकरी भरवली. एकोणतीस, पण त्यातले काही मोतीचे असावेत. रोज जेवताना ती विचारायची, "आज किती झाले?" आणि मी आकडा सांगितला की एक पोळी जास्त खायची. घरात कोणाचा तरी निकाल चांगला लागत असल्यासारखं वातावरण होतं. फक्त मला झोप लागत नव्हती, कारण मंडळाला तो आकडा खाली हवा होता, बायकोला वर, आणि कान माझा एकच होता.

बाबा एक्याऐंशी असल्यामुळे त्यांना हलवणं भाग होतं. आत्याचं गाव सव्वीस किलोमीटरवर. त्यांनी पिशवीत दोन लेंगे आणि ब्लडप्रेशरचं यंत्र भरलं. एसटीत चढताना म्हणाले, "काळजी कमी कर रे जरा. आणि अगदीच कमी करू नकोस." मग खिडकीतून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात: "एक्याऐंशी आहे माझा! एक्याऐंशी!"

कंडक्टरने त्यांना ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट दिलं.

त्या रविवारी मी कबुली दिली. केतकी पेपर तपासत होती. मी म्हणालो, "तुझा आकडा चाळिसावर गेलाय. साठ झाला तर नोकरी गेली. तू स्टुलावर चढू नकोस, एवढंच."

तिने लाल पेन खाली ठेवलं. "मला वाटलं, तुला माझं काही वाटतं का एवढंच बघावं."

"वाटतं."

"मग एक सांगते. ओरडायचं नाही." ती पेपरांची चळत सरळ करत राहिली. "तो सव्वा मिनिट वर्गाचा आहे. माझा नाही. माझ्या वर्गात श्यामली आहे, तिच्या पायाला कॅलिपर आहे. कवायतीत मी तिला बाकावर बसवून ठेवते, तिला लागेल म्हणून. खरं झालं तर तेहतीस मुलं पुढे जातील आणि मी तिला उचलून मागून येणार. आम्हा दोघींना किती वेळ लागतो ते मी मोजलेलंच नाही."

मी ओरडलो नाही. कानामागची पट्टी मात्र गरम झाली.

"किती?" केतकीने विचारलं. या वेळी ती हसत नव्हती.

"अठ्ठावन्न."

"बदली माग म्हणशील आता."

"म्हणणार होतो."

"माझ्या जागी येईल ती बाई श्यामलीला उचलेल याची खात्री आहे तुला? त्या बाईचा आकडा किती असेल?"

अशा प्रश्नांना नियमावलीत उत्तर नाही. मी रात्रभर नियमावली वाचली, म्हणून सांगतो.

*

अंतिम चाचणी मंगळवारी सकाळी. भोंगाघराची हुबेहूब नक्कल असलेल्या खोलीत बसायचं. मोबाइल बाहेर. समोर पडदा, उजव्या हाताला लाल बटण, डाव्या हाताला जुना टेबलावरचा फोन. सूचना एकच, लाल अक्षरांत: निर्णय होईपर्यंत फोन उचलू नये.

"यात दाखवतील ते खरं असेल की खोटं?" मी विचारलं.

"ते तुम्हाला कळणार नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "खुर्चीतही कळत नाही."

दोन तास काहीच झालं नाही. मी पडद्यावरच्या वाऱ्याच्या बाणाकडे बघत होतो. बाण आधी खाडीकडे होता. मग सावकाश वळला, टाकी क्रमांक तीनवरून शाळेकडे.

टिक. चव्वेचाळीस टक्के. घड्याळ सुरू: नव्वद.

मला काय करायचं ते ठाऊक होतं. टाकीचा दाब बघायचा, भिंतीजवळचं दुसरं नाक काय म्हणतंय ते बघायचं, दोन्ही जुळले तर बटण. दाब जरा खाली होता. दुसरं नाक गप्प होतं. पंचावन्न सेकंदं उरली.

फोन वाजला.

धामणघरात फोन वाजतोय आणि माणूस समोर बसून बघतोय, असं आजवर झालेलं नाही. आमच्याकडे सुतकातसुद्धा फोन उचलून "आम्ही सुतकात आहोत" असं सांगतात. लाल अक्षरं मी वाचली. वाचता वाचताच रिसीव्हर कानाला लावला होता.

"अथांग?" केतकी होती. मागे मुलांचा गलका. "पिवळा दिवा लागलाय. खरं आहे का रे? काढू मुलांना?"

तो आवाज बाजूच्या खोलीतून येत होता, गलका टेपवरचा होता आणि मंडळाने तिला "सहकार्य करावे" असं पत्र देऊन बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं, की "काढ" म्हणालो तर एक शाळा पळताना दिसेल, तिच्यामागे बाजार पळेल, आणि पुलावर सगळ्यात मागे, कॅलिपरवालीला उचलून, केतकी असेल. "नको काढू" म्हणालो आणि वायू खरा असला, तर तेही माझंच.

"अथांग, बोल ना."

"राँग नंबर," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तेवीस सेकंदं. मला बटण दाबायचं होतं. खरंच दाबायचं होतं. दाब आणखी उतरला होता, बाण शाळेवर होता, आणि मी ठरवलं होतं. मी हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता. पाहुण्यासारखा बसला होता. मी त्याला दोनदा सांगितलं. अकरा. सहा. शून्य.

पडदा पांढरा झाला. दार उघडून मंडळाचे तीन सदस्य टाळ्या वाजवत आत आले.

"उत्तम," त्यातले सर्वांत जाड म्हणाले. "गळती नव्हतीच. दाबमापक बिघडलेला ठेवला होता. भोंगा न वाजवण्याचा निर्णय अचूक. आणि प्रत्यक्ष पत्नीला राँग नंबर! मी तेवीस वर्षांत असा संयम बघितला नाही. फोन उचलल्याचा एक गुण तेवढा कापावा लागेल."

मी म्हणालो, "साहेब, माझा हात—"

"हस्तांदोलन नंतर," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी नियुक्तीपत्र आलं, सोबत निकालाची प्रत. मला एक, केतकीला एक. सर्वसाधारण भयांक ४९. वडील ८१, स्थलांतरित. पत्नी, अंतिम चाचणीच्या क्षणी: ००.

मी तडक डॉ. मुजावरांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि कागदाची एक लांब पट्टी पुढे केली. त्यावर यंत्राची मूळ नोंद होती. रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन चिकटली होती.

"शंभर," त्या म्हणाल्या. "तक्त्यात आकड्याला दोनच घरं आहेत. शंभराचा एक पडतो, उरतात दोन शून्यं."

"तुमच्या लक्षात नव्हतं आलं?"

"आजवर कोणी शंभरावर गेलंच नव्हतं." त्यांनी पट्टीची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. "हे मी दाखवलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी ठरवायला गेले की माझाही आकडा चढतो."

घरी केतकी जेवायला वाढत होती. ताटात सगळं जागच्या जागी होतं. भांडणापेक्षा ते वाईट.

"अभिनंदन," ती म्हणाली. "शून्य."

"शंभर आहे." मी पट्टी तिच्यापुढे ठेवली, दोन घरांचं सांगितलं, हाताचं सांगितलं.

ती रेघ तिने बोटाने खालून वर शोधत नेली. कडेपर्यंत पोचल्यावर बोट तिथेच राहिलं. दोन आठवडे तिला हेच हवं होतं. तिचे डोळे भरले, आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखे कोरडे झाले.

"म्हणजे तू त्या खुर्चीत असलास," ती म्हणाली, "आणि खरं झालं—"

"तर हात हलणार नाही."

"माझ्यामुळे."

"तू नसतीस तर हलला असता."

"आणि तू नसलास तर कारकून."

"त्याने चष्म्याला दोरी लावलीय आता."

आम्ही दोघं हसलो. हसू लवकर संपलं. केतकीने वाटीत आमटी वाढली, मग स्वतःच ती वाटी पुढे ओढून प्यायली.

"अर्ज लिही," ती म्हणाली. "खरं काय ते लिही. चौतीस मुलं आहेत माझी. मला नवरा शंभराचा चालेल, भोंगा नाही चालणार."

"आणि मग बसवायचं कोणाला तिथे?"

"कोणाला हलवायचं ते विचार त्यांना," केतकी म्हणाली. "बाबांना हलवलं. आता मला हलवा म्हणतील. कधीतरी दुसऱ्या कोणालातरी हलवून बघा म्हणावं."

अर्ज मी लिहिला. तिने लाल पेनाने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. आज सकाळी आवक-जावक विभागात तो दिला. कारकुनाने चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि पोच दिली. अर्ज असा:

प्रति,
मा. अध्यक्ष, सुरक्षा मंडळ,
धामणघर औद्योगिक वसाहत.

विषय : नातेभयांकातील दुरुस्ती व त्या अनुषंगाने स्थलांतर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझ्या निकालपत्रातील "पत्नी : ००" ही नोंद "पत्नी : १००" अशी वाचण्यात यावी. मूळ पट्टी सोबत जोडली आहे. सबब माझी निवड झालेली नाही असे समजण्यात यावे.

तथापि नियमानुसार, साठच्या वर भयांक असलेला नातेवाईक व टाकी यांच्यामध्ये किमान वीस किलोमीटरचे अंतर असणे आवश्यक आहे. नातेवाइकास वर्ग सोडून हलणे शक्य नाही. चौतीस विद्यार्थ्यांसही शक्य नाही, पैकी एकीस पायामुळे. हे अंतर दुसऱ्या बाजूनेही राखता येते, असे नियमाच्या बारकाईने वाचनानंतर दिसून येते.

तरी टाकी क्रमांक तीन हिचे वीस किलोमीटर अंतरावर तातडीने स्थलांतर करण्यात यावे, ही नम्र विनंती. टाकीस घर सोडताना त्रास होत असल्यास तिचा भयांक मोजण्यात यावा व तो साठच्या वर आढळल्यास अर्जदार आपली विनंती मागे घेईल.

आपला विश्वासू,
अथांग दत्ताराम भुवड